आईच्या यादीतली चूक

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस अ. उ. आ.

फोनवर मला हुंकारापलीकडे काही सुचत नाही आणि तू घाबरतेस, म्हणून पत्र लिहितो. मी ठीक आहे. जेवतो, दाढी करतो, वेळेवर वर्कशॉप उघडतो. परवा एका औषधवाल्याचा वजनकाटा दुरुस्त केला, केसाइतकाही फरक ठेवला नाही. फक्त काही वाटत नाही. दातांच्या डॉक्टरने भूल दिली की गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालंय. आईला जाऊन सात महिने झाले. मी अजून रडलेलो नाही, हे तुला खटकतं ते मला कळतं. पण आणू कुठून?

लिहायला कारण वेगळंच आहे. सेल शोधायला आईच्या टेबलाचा खण उघडला, तर तिच्या हातची एक यादी मिळाली. नवा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा तर कसा घ्यावा, याची. दिवसभर ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये लोकांचा आरडाओरडा ऐकून आलेली बाई घरी येऊन कानाला हेडफोन लावते आणि लेकीबरोबर राक्षस मारत बसते, हे मला कधी उमजलं नाही. असो. यादीत ग्राफिक्स कार्डापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. रॅमपुढेही काही नाही.

मी तो लॅपटॉप घ्यायचं ठरवलंय. तिने हातात घेतलेलं काम अर्धवट राहू नये, एवढंच. तिला हवा होता अगदी तसाच यायला हवा. कार्ड कोणतं ते कळव. प्रकृतीला जप, आणि जमल्यास माझ्यावर फार रागावू नकोस.

तुझा,
बाबा


ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांशेजारी बसून वाचलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली. आधी एक दुरुस्ती: ते राक्षस नव्हेत, दरोडेखोर. आई आणि मी इतकी वर्षं घाम गाळला आणि तुम्हाला शत्रूसुद्धा माहीत नाही!

खेळासाठी प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डाकडे जास्त लक्ष द्या. मधल्या दर्जाचं पुरेल. पण नुसत्या नावावर जाऊ नका. तेच कार्ड पातळ लॅपटॉपमध्ये घातलं की त्याला वीज कमी मिळते आणि ते रडतखडत चालतं. किती वॉटचं आहे, ते दुकानदाराला विचारा. रॅम सोळा जीबीची घ्या. ती बोर्डावर कायमची बसवलेली नको, एक खाच रिकामी हवी, म्हणजे पुढे वाढवता येते.

आता मनातलं विचारते. तो खेळणार कोण? आईच्या टेबलावर ठेवून रोज फडक्याने पुसणार असाल, तर मला ते बघवणार नाही, बाबा. मीही त्या दिवसापासून खेळ उघडलेला नाही. मला तुमची भीती वाटते. तुम्ही माणूस राहिला नाहीत, नुसती वेळेवर उठणारी वस्तू झाला आहात. हे तोंडावर म्हणाले नसते, पत्रात लिहून टाकलं.

घेण्याआधी पूर्ण यादी मला पाठवा. पथ्यपाणी सांभाळा, आणि माझ्या आगाऊपणासकट मला पदरात घ्या.

तुमची,
ठमी


ता. २० फेब्रुवारी

चि. ठमीस अ. उ. आ.

हो, पुसून ठेवणार. खोटं कशाला बोलू? पण बरोबर वस्तू पुसून ठेवणार.

दुकानदार भला माणूस आहे. कार्डाचे वॉट विचारले तेव्हा त्याने मला खुर्ची दिली. यादी उतरवतो. स्क्रीन सतरा इंची, चकाकणारा नको. कळांवरची अक्षरं मोठी हवीत. आकड्यांच्या कळांचा वेगळा भाग हवाच, या ओळीखाली तिने दोनदा रेघ मारलीय. गरम हवा डाव्या बाजूने बाहेर फेकणारा अजिबात नको.

इथे मला तिची चूक सापडली. हवा जिथून सुटते तिथे माउसवरचा हात भाजतो, असं दुकानदार म्हणाला. आई माउस उजव्या हातात धरायची. म्हणजे उजव्या बाजूची हवा नको, असं हवं होतं. आकड्यांच्या कळांनाही ती जन्मभर नावं ठेवायची, माउसची जागा खातात म्हणून. शेवटी शेवटी औषधांनी तिचं डोकं भरकटायचं, त्यातलंच हे असावं. मी दोन्ही ओळी दुरुस्त केल्या. आकड्यांच्या कळा नसलेला, हवा डावीकडे सोडणारा एक मिळालाय. पहिल्या तारखेला घरी आणतो. तिच्या हातून राहिलेली चूक मी निस्तरली, याचं तरी समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पोटभर खात जा. माया तीच आहे, दिसत नसली तरी.

तुझा,
बाबा


ता. २४ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हे कुरिअरने पाठवतेय. तो लॅपटॉप आणू नका.

आई चुकली नव्हती. आपल्या घरात डाव्या हाताने लिहिणारं, डाव्या हाताने पाना फिरवणारं कोण आहे? माउस डाव्या हातात असला की खेळात चालायला, पळायला उजव्या हाताखाली आकड्यांच्या कळा लागतात. मोठी अक्षरं कुणाला लागतात? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतं कोण?

आमच्या टोळीत तीन माणसं लागतात. तिसरा नेहमी कुणीतरी परका यायचा आणि आई चिडायची. घरात एक धडधाकट माणूस रिकामा बसलेला असताना परके कशाला, असं एकदा म्हणाली होती. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. आधी विचारलं तर तुम्ही नाहीच म्हणाल, समोर आणून ठेवला तर बसाल, असा तिचा हिशेब. मला वाटलं, आजारपणात विसरली असेल.

तिने तो तुमच्यासाठी निवडला होता, बाबा. मला पुढे लिहवत नाही.

तुमची,
ठमी


ता. १६ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला काहीच झालं नाही, हे आधी कबूल करतो. तीनदा वाचलं. मग दुकानात जाऊन आईची यादी आहे तशी पुढे केली आणि दुरुस्ती माझीच चुकली, असं सांगितलं. दुसरा मागवायला चार दिवस लागले. पुढे तू फोनवरून शिकवलंस आणि मी तुमच्या टोळीत आलो, ते तुला माहीतच आहे.

रविवारी आपण खेळत असताना मी मध्येच नाहीसा झालो. तुला वाटलं, नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. पुलावर मला गोळी लागली, पडदा काळा झाला आणि आकडे उलटे सुरू झाले. दहा, नऊ, आठ. शून्य झालं आणि मी पुन्हा पुलावर उभा, अंगावर ओरखडाही नाही. तू कानात हसून म्हणालीस की चला बाबा, उठा, इथे सगळे परत येतात.

मला असा राग आला ठमे, की काय सांगू. दहा सेकंदांत परत येतात? मी, ज्याला धड पळताही येत नाही, तो परत येतो? आणि ती नाही? मी हेडफोन फेकला, टेबलावर हात आपटला, ओरडलो. शेजारच्या वहिनी धावत आल्या. त्यांच्यासमोर ओक्साबोक्शी रडलो. बिचाऱ्या पाण्याचा पेला धरून तासभर उभ्या होत्या. हात सुजलाय, म्हणून अक्षर असं.

येत्या रविवारी चार वाजता बसतो. तिसरा म्हणून कुणालाही घे, मी कुरकुर करणार नाही. फक्त मी पडलो की लगेच हाक मारू नकोस. ते दहा आकडे पुरे होईपर्यंत जरा गप्प राहा.

लोभ कुठे गेला नव्हता, त्याला तसाच धरून ठेव.

तुझा,
बाबा