हात दाखवा, रस्ता ओलांडा

१ सप्टेंबर
अखेर कालवा रोडच्या सुधारणेचं काम माझ्याकडे आलं. गीझाच्या या टोकाला माझ्याइतका हा रस्ता कुणाला कळतो? रोज ऑफिसच्या गाडीतून बघतोच की.

तीन आठवड्यांनी शाळा उघडेल. आमची रीहाम चौथीत, शाळा रस्त्यापलीकडे. इनासची औषधांच्या दुकानातली पाळी पहाटेची, त्यामुळे पोर एकटीच जाते. गेल्या वर्षी मायक्रोबसचा आरसा तिच्या खांद्याला घासून गेला होता. इनासनं आज बजावलं, तोवर रस्ता नीट झाला नाही तर ती रीहामला घेऊन माहेरी, मन्सूराला जाईल. म्हटलं, बाईसाहेब, निर्धास्त राहा.

४ सप्टेंबर
कोपऱ्यावरच्या रसवाल्या हाज साबरींनी अडवलं. स्पीडब्रेकर घाला, बाकी सगळं चुलीत जाऊ द्या, म्हणे. त्यांना समजावलं की स्पीडब्रेकर हा मागासलेला उपाय आहे. पुढारलेले लोक झेब्रा पट्टे मारतात आणि पाटी लावतात. हाजनी उसाचा रस पुढे केला. गार होता.

११ सप्टेंबर
पाटी तयार! ‘हात दाखवा, रस्ता ओलांडा.’ शब्द माझे.

इनासला दाखवली. आधी हसली. मग म्हणाली, या रस्त्यावर हात दाखवला की मायक्रोबसला वाटतं गिऱ्हाईक आलं. हाताच्या कुठल्या खुणेला बस कुठल्या स्टॉपला नेते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तुम्हालाच तेवढं नाही. वर, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

इनास औषधांतली जाणकार आहे. रस्ता हा वेगळा विषय.

१८ सप्टेंबर
पट्टे मारले. पांढरेशुभ्र. संध्याकाळी त्यावर टोमॅटोची गाडी लागली. लोकांनी जागा आपली मानली, हे चांगलं लक्षण.

२२ सप्टेंबर, सकाळ
आज शाळा उघडतेय. मोठे साहेब उद्घाटनाला येणार. पहिला हात रीहाम दाखवणार. इनास नको म्हणत होती. रजा टाकून ती पण आलीय. मी पाटी तिसऱ्यांदा पुसली. धुळीमुळे.

२२ सप्टेंबर, दुपार
रीहामनं हात वर केला. तीन मायक्रोबस करकचून थांबल्या, थेट पट्ट्यांवर. ड्रायव्हर ओरडायला लागले, चल पोरी, चढ लवकर! रीहाम दोन बसांच्या फटीत अडकली. चौथी बस तिसरीला ओलांडून बाहेरून सुसाट आली. इनास किंचाळली. मला पाय उचलता येईना. हाज साबरींनी पोरीची वेणी धरून तिला मागे खेचलं.

रीहाम ठीक आहे. दप्तर चेंगरलं.

अहवालात लिहिलं: हात दाखवताच तीन वाहने तत्काळ थांबली. खोटं काहीच नाही त्यात.

२४ सप्टेंबर
इनासनं बॅग भरून दाराशी ठेवलीय. रीहाम घरीच. पाटीचा आकार वाढवावा काय?

२७ सप्टेंबर, शुक्रवार
नमाजाआधी रस्ता मोकळा असतो. खिडकीतून बघतो तर काय, शाळेसमोर हाज साबरी, गल्लीतल्या बायका आणि पदर खोचल्यासारखा झगा खोचून आमची इनास! घमेल्यात सिमेंट कालवत होती. बेकायदा स्पीडब्रेकर! माझ्याच रस्त्यावर! खाली जाऊन सगळ्यांना नियम ऐकवला. इनासनं न बघताच सांगितलं, इंजिनियरसाहेब, ओलं आहे, पाय देऊ नका.

२९ सप्टेंबर
ब्रेकर फारच उंच. ऑफिसच्या गाडीचं पोट त्यावर अडकलं ते निघेना. तोडण्याची नोटीस काढायला ऑफिस गाठायचं, पण बस पलीकडून मिळते. उतरलो आणि कडेला उभा राहिलो. गाड्या हळू झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. दोनदा पाय टाकला, दोनदा मागे घेतला. हा रस्ता मी आजवर पायी ओलांडलाच नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं. भीती वाटली. खरंच वाटली.

ब्रेकर झाल्यामुळे आज पुन्हा शाळेला निघालेली रीहाम पलीकडे फाटकापाशी पोचलीसुद्धा होती. मला पाहून परत आली. तिला म्हटलं, मी निरीक्षण करतोय.

बरं बाबा, म्हणाली, आणि माझं मनगट धरून मला पलीकडे नेलं.