प्रत्येक नोटिशीला पोच

ठाकूरद्वार,
गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात, सकाळी स्वतःची दाढी स्वतः करतात. मी तुला आजवर कधी पत्र लिहिलेलं नाही, माहितीय. पण फोनवर तू 'झालं का रे काम?' विचारतेस, मी 'होत आलं' म्हणतो, आणि तुझा तो हुश्श ऐकला की पुढचं तोंडातून निघतच नाही. शिवाय आपली खोली ती केवढीशी, इथे बोललेलं सगळं त्यांना ऐकू जातं. म्हणून कागद घेतला. शुद्धलेखन बघू नकोस, माझी शाळा तुला ठाऊक आहे.

तू मला दोन दिवसांसाठी पाठवलं होतंस. बाबांच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय, सारखे घाबरे होतात, घराबाहेर पडत नाहीत, मशीन नीट झालं की तेही नीट होतील, असं म्हणाली होतीस. मला पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं. तेव्हा मी गोकर्णला एका म्हाताऱ्याच्या होड्या रंगवत होतो. काय माणूस होता, पगार द्यायचा नाही पण रोज स्वतः मासा तळून वाढायचा, आणि ब्रश धरायची पद्धत चुकली की हातावर फटका. असो. त्याला दोन दिवसांत येतो सांगून निघालो. आज एकोणिसावा दिवस.

बाबांनी दार उघडलं, मला खालून वर बघितलं आणि म्हणाले, 'या. चपला बाहेर काढा. चहा घेणार की आधी मशीन बघणार?' मी हसलो. दोन वर्षं तोंड न दाखवलेल्या मुलाला आणखी काय म्हणणार? आठवतं ना, मी नववीत नापास झालो तेव्हा महिनाभर 'या साहेब, बसा साहेब' चाललं होतं. मी म्हटलं, चला, राग शाबूत आहे, म्हणजे माणूस ठीक आहे.

मशीनची अवस्था मात्र भयंकर होती. चालू केलं की खालच्या कोपऱ्यात टिंग. लाल ढाल, 'तुमच्या संगणकात १७ व्हायरस सापडले'. ती चौकट बंद करावी तर दुसरी, 'तुमचे संरक्षण आज संपत आहे'. मग सगळा पडदाच लाल, भोंगा वाजतोय आणि एक बाई इंग्रजीत धमकी देतेय की मशीन बंद केलंत तर तुम्ही जबाबदार. आणि बाबा शेजारी स्टुलावर ताठ बसलेले, मांडीवर लांब वही. उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले. आवक क्रमांक, तारीख, वेळ, विषय, केलेली कार्यवाही. प्रत्येक नोटीस नोंदवलेली, आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीच्या चारसुद्धा. शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, 'पोच दिली'.

पोच कशी दिली, हे समजायला मला दोन दिवस लागले. लॅमिंग्टन रोडला धनेश बसतो, माझ्याबरोबर शाळेत होता तो, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन लावला तर आधी पाच मिनिटं शिव्या, 'भाई, तू जिवंत आहेस? मला वाटलं हिमालयात दाढी वाढवून बसलास.' मग संध्याकाळी स्वतःच आला. दोन बटणं दाबली आणि हसायलाच लागला. म्हणाला, 'अरे, ह्यातले निम्मे व्हायरस नाहीतच. कुठलीही साइट उघडली की विचारते ना, तुम्हाला सूचना पाठवू का? काकांनी प्रत्येकीला हो म्हटलंय. आणि ढालीवर दाबून दाबून हे दोन खोटे अँटिव्हायरस आत घेतलेत. काका, चोराला सही-शिक्क्यानिशी घरात घेतलंत तुम्ही!' बाबा हसले नाहीत. म्हणाले, 'आलेल्या कागदाला पोच द्यायची असते. न देता टेबलावरून हलवायचा नसतो.'

चौतीस वर्षं फोर्टच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळलेला माणूस, ताई. त्यांचं काय चुकलं? दारात आलेल्याला त्यांनी फक्त 'मिळालं' म्हटलं.

मग मी बसलो. धनेशने सांगितलं तसं. परवानगी दिलेल्या साइटची यादी सेटिंगमध्ये सापडते, तिथून एकेक काढून टाकायची. दोनशे बारा होत्या. वर पंचांग, बातम्या, सिद्धिविनायकाच्या आरतीच्या वेळा. मग हवामान. बीरचं हवामान, हंपीचं, कन्नूरचं, गोकर्णचं. मी जिथे जिथे होतो ना, ते सगळं क्रमाने. मी तुला फोन करायचो, तू त्यांना सांगायचीस, आणि ते इथे बसून तिथे पाऊस आहे का बघायचे. आणि ज्या दिवसापासून वहीत नोटिसा सुरू झाल्या, त्या दिवशीची साइट होती ती म्हणजे 'मोबाइल नंबर टाका, माणूस कुठे आहे ते शोधा'. तिथूनच पहिला खोटा अँटिव्हायरस उतरला. माझा नंबर मी मार्चमध्येच बदलला होता. तुला दिला, त्यांना द्यायचा राहिला.

मी ती यादी काढत गेलो आणि ते मागे उभे राहून 'हे नक्की रद्द करायचं ना? वरून परवानगी घेतलीत?' विचारत होते. मी 'घेतली' म्हणालो.

नंतरचं काम कटकटीचं होतं. ते दोन प्रोग्रॅम काढले की मशीन पुन्हा सुरू करताना परत हजर. शेवटी धनेशने नेट तोडायला लावलं, मशीन सेफ मोडमध्ये नेऊन मुळापासून काढले, ब्राउझर पुसून नवा केला, मशीनमधल्याच अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केली, साडेतीन तास. सगळे पासवर्ड बदलले. गेल्या शुक्रवारी मशीन स्वच्छ झालं. टिंग नाही, ढाल नाही, बाई नाही. मी खाली जाऊन दोन वडापाव घेऊन आलो. आम्ही ते मशीनसमोरच बसून खाल्ले. त्यांनी कागदाची घडी करून मला 'आभारी आहे' म्हटलं, आणि मला तेव्हाही वाटलं, काय टोमणा मारतात!

शनिवारी अकरा वाजता ते स्टुलावर बसले, रिकाम्या पडद्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं. आवक क्रमांक ९४१. मी विचारलं, बाबा, नोटीस कुठेय? त्यांनी बोट दाखवलं. तिथे काही नव्हतं, ताई. मी चष्मा पुसून दिला, पडदा पुसला, मशीन बंद केलं. बंद मशीनकडे बघून त्यांनी ९४२ लिहिलं. रोज लिहितात. अक्षर तेच, सुबक. धनेशला सांगितलं तर त्याने मशीन पुन्हा एकदा तपासायला लावलं. मग म्हणाला, 'भाई, मशीनमध्ये आता काही नाहीये. काकांना डॉक्टरकडे ने.'

आज सकाळी त्यांनी माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. म्हणाले, 'तुम्ही काम चोख केलंत. इतके दिवस अडकून पडलात, घरचे वाट बघत असतील. मुलगा आला की तुमच्याबद्दल सांगेन. तो फिरतीवर असतो. साधारण तुमच्याच वयाचा. त्याला असलं काही येत नाही, पण मनाने चांगला आहे हो.' मी पिशवी घेतली. काय करणार होतो? जिना उतरलो, चालत चर्नी रोडपर्यंत गेलो. खोटं नाही लिहीत, तिथून सरळ निघून जावंसं वाटलं, मला तेवढं एकच नीट जमतं. तासाभराने परत वर आलो, बेल वाजवली. दार उघडून म्हणाले, 'काही विसरलात का?'

मी म्हटलं, हो, एक तपासणी राहिलीय. त्यांनी आत घेतलं. आता स्टुलावर बसलेत आणि मी त्यांच्यासमोर लिहितोय. उद्याही काहीतरी राहिलंय म्हणेन. पण असं किती दिवस? डॉक्टरकडे न्यायचं तर कॉम्प्युटरवाल्याबरोबर ते कशाला येतील? तू म्हणालीस ना, मशीन नीट झालं की तेही नीट होतील? मशीन नीट झालंय. ताई, मिळेल त्या गाडीने ये. बडोदा काही लांब नाही. आलीस की आधी त्यांच्याशी बोलू नकोस, त्यांच्यादेखत मला 'उन्म्या' म्हणून हाक मार. मोठ्याने मार. उपयोग होणार नाही कदाचित. तरी मार.

तुझाच,
उन्मेष