कळमजाईचा उजवा खांदा

घाटघर,
१२ जून २०२५

तीर्थस्वरूप रामनाथदादास,
धाकट्या उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. वारूळवाडीला श्रेयाच्या कॉलेजात यंदा बारावीच्या गणिताच्या दोन तुकड्या केल्यात. साधी तुकडी बोर्डापुरती. मोठीत कॅल्क्युलस खोलात शिकवणार, इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचं. मोठीचा वर्ग रविवारीसुद्धा, म्हणजे सणावारापलीकडे घरी येणं नाही. सरांनी तिला मोठीत बस म्हणून सांगितलं, आणि ही घरी येऊन म्हणते की मला साधीच बरी. ऐकलं आणि तव्यावरची भाकरी तशीच करपली. दादा, कणगीकडे बाहेरून नुसतं बघून आत भात किती ते सांगणारी पोर ही! कारण विचारलं तर म्हणे, भाताची रोपं लावायला, आवणीला, तुझ्या हाताखाली कोण? मी म्हटलं, माझे हात अजून शाबूत आहेत. ऐकत नाही.

आमचे हे, सोमाजीराव, म्हणतात, एवढी डोकेफोड कशाला, कळमजाईला कौल लावू. महिनाअखेर कॉलेजला कळवायचंय. फोनची रेंज शोधत टेकडीवर चढायला मला सवड नाही, म्हणून पत्र. ते कॅल्क्युलस म्हणजे काय असतं आणि पोरीला कुठं घालावी, तेवढं कळव.

वहिनींना नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
उज्ज्वला

*

घोडेगाव,
१९ जून २०२५

चि. सौ. उज्ज्वला हिस,
थोरल्या भावाचे अ. उ. आ., आणि सोबत थोडा रागही.

पत्र वाचून हादरलो. इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवतो आहे. वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी. पण संस्कृत घ्यावं की नको, म्हणून कुणी देव पाण्यात ठेवल्याचं ऐकिवात नाही. कॅल्क्युलसचं भाग्य थोर!

आमच्या गणिताच्या मास्तरांना विचारलं, हे आहे तरी काय? म्हणाले, बदलणारी गोष्ट कोणत्या क्षणी किती वेगाने बदलते, ते मोजायचं शास्त्र. मी म्हटलं, त्याला पुस्तक कशाला, सतरा वर्षांची मुलगी घरात असली की पुरे. मास्तर हसले नाहीत. गणितवाल्यांचं हसूही पायऱ्या दाखवल्याशिवाय येत नाही.

आता गंभीरपणे. आमच्या जुन्या ग्रंथांत आरंभीच विचारतात, या शास्त्राचा अधिकारी कोण? उत्तर असतं, ज्याला जाणून घ्यायची इच्छा आहे तो. आईची आवणी आणि बापाचा कौल यांचा तिथे उल्लेख नाही. पोरीला समोर बसवून विचार, आणि ती बोलेपर्यंत तू बोलू नकोस. दुसरी अट तुला जड जाईल, याची कल्पना आहे.

कौल मात्र लावू नका. सोमाजीरावांना नमस्कार. आमच्यावरचा लोभ साध्या तुकडीतला नसावा.

तुझा,
रामनाथ

*

घाटघर,
२६ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास,
उज्ज्वलाचा सा. न.

तुझं पत्र पोचलं तोवर कौल लागलासुद्धा. गुरव गेणभाऊ बैल घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेलेले, म्हणून यांनीच अंघोळ करून लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. पोरीला मोठ्या तुकडीत बसवू का, असं यांनी विचारलं. कितीतरी वेळ काही पडेना. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग एक पाकळी सुटली, आणि हे ओरडले की उजवी! मी नारळ पुढे केला, यांनी फोडला. शेजारची सारजाबाई म्हणाली की आता देवीसुद्धा इंजिनिअर व्हायची.

श्रेया मात्र पांढरीफटक. निमूट बॅग उचलून वारूळवाडीला गेली. देवीचंच म्हणणं पडल्यावर आवणीचं निमित्त तिला उरलं नाही.

तू रागावशील ते ठाऊक आहे. रागव, पण लिहीत जा.

तुझी,
उज्ज्वला

*

वारूळवाडी, वसतिगृह,
३ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
श्रेयाचा कृ. सा. न.

आमचे फोन बाईंच्या कपाटात असतात, म्हणून पत्र. आणि हे फोनवर सांगताही आलं नसतं.

मोठ्या तुकडीतल्या दोन्ही चाचण्यांत मी तळाशी आहे. बाकीची मुलं उन्हाळ्यातच क्लास करून आलीत. सर म्हणाले, साध्या तुकडीत जायचं असेल तर गणपतीआधी सांग.

पण मामा, खरी गोष्ट वेगळी आहे. पाकळी डावी पडली होती. उजवा खांदा म्हणजे देवीचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे, हे गेणभाऊ नेहमी सांगतात. बाबा समोर उभे राहून स्वतःच्या उजव्या हाताला बघत होते. मला लगेच कळलं. सांगायला तोंडही उघडलं, आणि मिटलं. कारण मला मोठीच तुकडी हवी होती. आवणीचं मी खोटं सांगितलं नव्हतं, पण त्याच्या आड मोठी तुकडी झेपेल का, ही भीतीही होती.

देवीने नको म्हटलं आणि मी ते लपवलं. म्हणूनच मला काही सुटत नाही, असं वाटतं. लिमिट काढताना, म्हणजे एखाद्या आकड्याच्या जवळ जात किंमत कुठे पोचते ते बघताना, डावीकडून आणि उजवीकडून, दोन्हीकडून यावं लागतं. डावीकडून यायला लागले की ती पाकळी दिसते आणि हात थांबतो. मी साध्या तुकडीत जाऊ का? आईला सांगू नका, तिला सहन व्हायचं नाही.

माझ्यावरची माया या पत्रानंतरही असू द्या.

तुमची,
श्रेया

*

घोडेगाव,
१० ऑगस्ट २०२५

चि. श्रेयास,
मामाचे अ. आ.

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच बसलो. बसल्यावर परत उभा राहिलो. मामी विचारत होती, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, एक पाकळी गेली.

आईला सांगणार नाही. देवीचं म्हणशील, तर घाटमाथ्यावरचा वारा बारमाही अंगावर घेणारी बाई झेंडूच्या एका पाकळीवरून रुसत नसते. शिवाय नीट बघ. प्रश्न तुझ्या बाबांनी विचारला, उत्तर त्यांना मिळालं. तुला तर अजून कुणी विचारलेलंच नाही, देवीने नाही आणि माणसांनीही नाही. म्हणून मी विचारतो.

दोन्ही तुकड्यांचा एकेक पेपर सरांकडून माग आणि सोडव. गुण बघू नकोस. न सुटलेलं गणित कुठवर तुझ्या मागे येतं, ते बघ. अधिकारी म्हणजे ज्याला सगळं येतं तो नव्हे. न आल्याची ज्याला बोच आहे तो. बोच नसेल तर खुशाल साध्या तुकडीत जा. तिथेही चांगली माणसं असतात. मी आयुष्यभर तिथेच होतो.

पत्राची वाट पाहतो आहे, धीर फार नाही.

तुझा,
रामनाथमामा

*

वारूळवाडी,
२२ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
श्रेयाचा सा. न.

साध्या तुकडीचा पेपर पूर्ण सुटला, आणि मेसमध्ये ताट वाढून घेईपर्यंत मी तो विसरलेही. मोठ्या तुकडीच्या पेपरातलं शेवटचं गणित सुटलं नाही. ते जेवताना आलं, कपडे धुताना आलं. साबण तसाच ठेवून उठले म्हणून मैत्रीण ओरडली. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वाटेवर सुटलं. मी एकाच बाजूने येत होते, मामा. डावीकडून यायचं टाळत होते.

सरांनी तपासल्यावर बाकीची सगळी चुकलेली निघाली, तरी त्यांना सांगितलं की मी इथेच बसते. गौरीला घरी जाणार आहे. आईला सगळं सांगणार.

तुमच्या मायेची रोज गरज असलेली,
श्रेया

*

घाटघर,
६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादास,
उज्ज्वलाचा शि. सा. न.

गौरी जेवून गेल्या. श्रेयाने चुलीपाशी बसून रडत रडत सगळं सांगितलं, तू पोटात ठेवलंस तेही सांगितलं. मला लई धक्का बसल्याचं तोंड मी केलं. करावंच लागलं.

दादा, ज्या देवीला दर मंगळवारी मी न्हाऊ घालते, लुगडं नेसवते, तिचा उजवा खांदा मला ठाऊक नसेल होय? पाकळी डावीच पडली. मी पाहिली. मग पोरीकडे पाहिलं, तर तिने तोंड उघडलेलं, आणि बघता बघता मिटून घेतलं. तू लिहिलं होतंस की तिला विचार आणि गप्प बस. तुझं पत्र यायच्या आधीच मी तेवढं केलं होतं. तिला मोठीच हवी हे त्या मिटल्या तोंडावरून कळलं, आणि लगेच नारळ पुढे केला, दुसऱ्या पाकळीची वाट नको म्हणून.

एकच राहिलं. काल गेणभाऊ चहाला आले आणि यांना विचारू लागले की मी नसताना कौल लावला, तर उजवं कुठल्या अंगाचं धरलंत? मी कप भरत होते. यांनी माझ्याकडे पाहिलं, बशीत तोंड घातलं, आणि म्हणाले की जे धरायचं तेच धरलं.

तू शास्त्र शिकलेला, तूच सांग. या घरात डावं-उजवं न कळणारं कुणी आहे का?

लोभ डावीकडून आला तरी चालेल, पण येऊ दे.

तुझी,
उज्ज्वला