ओठांतली सुई

अण्णा, सगळ्यांत आधी आली ती समोरच्या घरातली बाई, नेहमीसारखी, बोलावण्याआधी. हातात मल्लिगेचा, मोगऱ्याचा गजरा, आणि दारातूनच, "कुठे आहे तुमची अवॉर्डवाली?" मग विजयनगरहून विहीणबाई आल्या. चार वाजता पोरीच्या मॅडम, ज्यांच्या हाताखाली ती संशोधन करते, आणि त्यांच्यासोबत लॅबमधली एक मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या कडेवर मुलगा होता ना, अवॉर्डवाली म्हणजे त्याची लेक. इंजिनियर झाली. मोठं बक्षीस मिळालं तिला, पेपरात फोटो आला. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण फोटोखालच्या दोन ओळी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवल्या.

तिनं काय शोधलंय ते विहीणबाईंनी विचारलंच. पोर माझ्याकडे वळून म्हणाली, "अज्जी, इस्त्रीची उष्णता कापडात उतरते ना? तशी मशीनच्या पोटात साचलेली उष्णता बाहेर ओढून नेणारी पूड मी बनवते. इतकी बारीक की एकेक कण डोळ्याला दिसतच नाही." म्हणजे फोन तापणार नाही, गाडीची बॅटरी पेटणार नाही. मी म्हटलं, "अय्यो, मग आधी आमच्या स्वयंपाकघरात टाक की थोडी!" सगळे हसले. मला मात्र तुमची कोळशाची इस्त्री दिसत होती. तुम्ही ओलं बोट लावता, चुर्र होतं, आणि मी फ्रॉक सावरत मागे सरकते.

बक्षीस समारंभाच्या साडीला फॉल लावायचा राहिला होता, म्हणून मी ती घेऊन बसले. "दे, मी लावते," म्हणत पोरीनं दोरा ओवला, सुई ओठांत धरली आणि दोन्ही हातांनी काठ सारखा केला. मी कौतुकानं मॅडमना म्हटलं, "बघा, इंजिनियर झाली तरी शिंप्याचीच." लॅबमधली मुलगी खिदळली, "अज्जी, ही तिकडेपण अश्शीच! मास्क खाली ओढते आणि चिमटा ओठांत धरते. वर म्हणते, हात दोनच आहेत."

मॅडम हसल्या नाहीत. कप खाली ठेवला. "कुठला चिमटा? त्या पुडीत बुडवतेस तो?"

पोरीनं ओठांतली सुई काढून साडीत टोचली.

"किती दिवस?"

"नेहमी नाही, मॅडम…"

"किती दिवस विचारलं मी."

"दोन वर्षं झाली असतील."

मॅडम मला म्हणाल्या, घाबरू नका, छाती तपासून घेऊ. इतकी बारीक पूड आत जाऊन काय करते, ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही. अण्णा, शिकलेली माणसंच ठाऊक नाही म्हणाली, तर मी कुणाला विचारू? दुसऱ्याच दिवशी छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं. पोर पेढे खाते, फोनवर हसते. मी तिच्या खोलीबाहेर शेंगा सोलत बसते, खोकते का ऐकत. काल फोडणीला मिरची टाकली आणि ती खोकली. मी झारा टाकून तिच्याकडे धावले. "ठसका आहे गं," म्हणाली, पण मी बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

त्या दिवशी जाताना मॅडमनी विचारलं, "ही सवय कुणाची?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माझ्या वडिलांची. टेलर होते."

आणि तुम्ही? मी आठ वर्षांची, तुमच्या दुकानात ओठांत टाचण्या धरून उभी आहे. तुम्ही मशीनचं चाक हातानं थांबवता, माझी हनुवटी धरता, एकेक टाचणी काढून घेता. "तोंड जेवायला आहे, बाळ." तुमच्यादेखत पुन्हा कधी धरली नाही. तुम्ही गेल्यावर बघणारं कुणी उरलं नाही, दिवाळीच्या ब्लाऊजांचा ढीग असायचा, मी धरायला लागले. पोर मशीनपाशी बसून बघायची. टोचू न देता सुई कशी धरायची, ते तिला मीच शिकवलं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, मुलालाही नाही. तुमचं नाव खोटं घेतलं, अण्णा, आणि मॅडमना खरं अजून सांगितलेलं नाही. रिपोर्ट घेऊन त्या गुरुवारी येते म्हणाल्यात.