नजर नव्हती काकू, अल्सर होता

प्रिय राधाकाकू,

तुमची लेक शोभा आज परतूरहून आल्ती, तुमचं बंद घर झाडायला. ती गेली आणि मी लिहायला बसले. राग अजून उतरला नाही. उतरायच्या आत लिहून टाकते.

आमची पहिली जर्सी कालवड आठवते? भिंतीवरून डोकावून तुम्ही तिला ‘काय गं साहेबीण!’ म्हणायच्या, आत येऊन गळ्याखाली खाजवायच्या. ती डोळे मिटून मान पुढे करायची.

ती मेली तेव्हा सासूबाई भर गल्लीत ओरडल्या, ‘बिननवऱ्याच्या बाईची नजर लागली!’ मी तोंड उघडलं, तर तुम्हीच माझा हात दाबलात. ‘राहू दे वैशाली, तुला त्याच घरात दिवस काढायचेत.’

का दाबलात काकू? एकदा तरी भांडायचं होतं! त्या दिवसापासून तुम्ही आमच्या गोठ्यात पाऊल टाकलं नाही. आणि मंग तुम्हीच गेलात.

या हिवाळ्यात दुसरी कालवड गेली. तशीच दात करकर खात, डांबरासारखं काळं शेण टाकत, पोट फुगून. तरी सासूबाई म्हणतात, ‘जाताना लावून गेली.’ मेलेल्या माणसाचीसुद्धा नजर?

मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, फाडून बघा. आमचे हे म्हणाले, ‘लोक काय म्हणतील?’ म्हटलं, लोकांनाही बोलवा!

गोठ्यामागे सगळ्यांच्या देखत कालवड फाडली. जनावराच्या चार पोटांतल्या चौथ्याला बोट जाईल एवढं भोक. दूध सगळं बाहेर सांडलेलं.

‘अल्सर झाल्ता, तो फुटला,’ डॉक्टर म्हणाले.

‘कशानं?’

‘एकच कारण सांगता येत न्हाई. पण दूध कधी पाजता?’

मी सांगितलं. आधी डेअरीचा कॅन भरायचा. मंग उरलेलं, थंडगार, केव्हाही, एकदमच.

‘ते बंद करा. वेळेवर, कोमट, थोडं थोडं पाजा. आणि शेण काळं दिसलं की जल्दी बोलवा.’

‘आणि नजर?’ मी मोठ्यानं विचारलं.

‘नजरेनं भोक पडत न्हाई, ताई.’

तुमच्या साहेबिणीला कुणी फाडून बघितलं नव्हतं. पण तिचीही लक्षणं तीच होती ना!

एवढं होऊनही आज काय झालं ऐका. शोभा नवी कालवड बघायला दारात आली. सासूबाईंनी धावत जाऊन कालवडीवर पोतं टाकलं. शोभाचा चेहरा उतरला. ती मागं फिरली.

मी पोतं ओढून फेकलं. ‘शोभा, आत ये. पोटभर बघ हिला!’

‘हिला काही झालं तर मंग?’ सासूबाई ओरडल्या.

‘झालं तर डॉक्टरला बोलवीन. शोभाच्या आईला जे भोगायला लावलं, तेवढं बास!’

शोभा आत येऊन कालवडीजवळ बसली. कालवडीनं तिचा पदर चघळून ओला केला, तरी ती उठेना. रडत होती आणि हसतही होती. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलून नाही राह्यल्या. नको बोलू देत!

काकू, शब्द देते. वासरं आजारी पडतील, एखादं मरेलही. पण त्याचं खापर मी कुठल्याही बाईवर फुटू देणार नाही. आणि दिवाळीला शोभा माहेरी येणार, ते आमच्याच घरी. तिची साडी-चोळी मी सासूबाईंच्या समोर करणार आहे.

तुमची,
भिंतीपलीकडची वैशाली
हसनाबाद