डॉक्टरेटला माझा तात्त्विक विरोध

१२ जानेवारी २००८, शॉमबर्ग (शिकागोजवळ)
फिजिशियन असिस्टंटांच्या, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली डॉक्टरचंच काम करणाऱ्या आम्हा लोकांच्या, संघटनेत डॉक्टरेट-विरोधी समितीचा प्रमुख झालो. सात वर्षं पेशंट तपासतोय, टाके घालतोय, प्रिस्क्रिप्शन लिहितोय. आता काही जणांना वर डॉक्टरेट हवी! ज्ञान हातात असतं, नावापुढे नसतं, असं गरजलो. टाळ्या. संकल्प: कुणी डॉक्टर म्हटलं की तिथल्या तिथे सांगायचं, मी डॉक्टर नाही.

१९ जानेवारी
महाराष्ट्र मंडळाची संक्रांत. तिळगूळ देता देता मालिनीकाकू म्हणाल्या, डॉक्टर, जरा गुडघा बघता का? बोललो नाही. काकू सत्तरीच्या, धक्का नको. मग निवेदकाने 'डॉ. देवानंद' म्हणून स्टेजवर बोलावलं. माइक त्याच्या हातात, माझा नाइलाज. गाडीत बायको म्हणाली, अहो डॉक्टर, एक्झिट चुकली. उपासनाचं मी मनावर घेत नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ६
शत्रूच्या किल्ल्यात शिरल्याशिवाय तो पाडता येत नाही. एका ऑनलाइन डॉक्टरेटचा फॉर्म भरला. निव्वळ अभ्यास म्हणून. 'ही पदवी का हवी' यावर निबंध मागतात. पाच पानं झाली. शेवटी हातातल्या ज्ञानावर असं काही लिहिलं की माझेच डोळे पाणावले.

२० फेब्रुवारी
उपासनाने विचारलं, विरोध आहे तर दर तासाला मेल का चेक करता? बेसावध राहून चालत नाही, म्हटलं.

१ मार्च
वार्षिक सभा. माझा ज्युनिअर प्रितम उठला. म्हणाला, सर, जे स्वतः डॉक्टरेट करतायत ते आपल्या समितीवर कसे? मला स्फुरण चढलं. करणारेच काय, नुसता फॉर्म भरणाऱ्यानेही पद सोडलं पाहिजे, असा ठराव मीच मांडला. वीस मिनिटं बोललो. लोक उभे राहिले. एकसष्ट विरुद्ध दोन. त्या दोनांत एक हात माझा. फॉर्म ऐन मतदानाच्या वेळी आठवला.

२ मार्च
राजीनामा पाठवला. कारण: उच्च शिक्षण. ही माघार नव्हे. आधी डॉक्टर होईन, मग आतून पोखरीन. प्रितम प्रमुख झाला. उपासना म्हणाली, पद गेलं, आता निदान पदवी तरी येऊ द्या.

१४ मार्च
विद्यापीठाचं पत्र आलं. निबंध अख्ख्या निवड समितीने वाचला म्हणे. इतका प्रभावी निबंध यंदा दुसरा आला नाही. तो वाचून सगळ्यांची खात्री पटली की मला डॉक्टरेटची काहीएक गरज नाही. जागा दुसऱ्याला दिली.