भिंतीला लावलेलं पिंप

लोधिवली,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. दादास,
कोंडाजीचा नमस्कार. आमच्याकडे सगळे बरे. वाल यंदा चांगला धरलाय. बांधाच्या भांडणानंतर सहा वर्षांनी तुला लिहितोय, मधे एकच भिंत असून. समोर यायला तोंड नाही, म्हणून नातीच्या, राजेशच्या ऋतिकाच्या, हाती चिठ्ठी देतोय.

दिवाळीत राजेशनं घरात इंटरनेटची वायर घेतली. माणूस खांबावर चढला तेव्हा तू ओटीवर बसून बघत होतास. मला तेव्हाच खटकलं. तू उगाच बघत बसणारा माणूस नव्हेस.

नेट दिवसभर सुसाट चालायचं. संध्याकाळी सात वाजले की माझं कीर्तन अडकायचं, बुवांचा वर केलेला हात वरच राहायचा. नेमकं त्याच वेळी तुमच्या घरातून बोलणं ऐकू यायचं. म्हटलं, दादा माझ्याच नेटवरून बांधाचे कागद वकिलाला धाडतोय. हसशील, पण मी भिंतीला कान लावून बसायचो. शब्द कळायचा नाही, त्यानं संशय आणखीच वाढायचा.

वायरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, कुनीतरी वापरतंय. पासवर्ड बदलून देऊ?" पण तो पडला भिसेगावचा, आणि वहिनीचं माहेरही भिसेगाव. त्याला सांगणं म्हणजे तुलाच सांगणं. ऋतिकावरही भरवसा नव्हता, ती सारखी तुमच्याकडे पळते. म्हणून त्याला नुसतं विचारलं, नेट अडतं कशानं? म्हणाला, लोखंडानं, पाण्यानं.

आता सांगायचं ते सांगतो. मधल्या भिंतीला मी पत्र्याची ट्रंक लावली, तिच्यावर दुसरी. शेजारी पाण्याचं निळं पिंप, काठोकाठ भरून. हिनं विचारलं तर म्हटलं, पानीटंचाई येनार हाय. त्या दिवशी सातला कीर्तन सरळ चाललं. तुमच्याकडे चिडीचूप. मी खुशीत एक भाकरी जास्त खाल्ली.

असे अकरा दिवस गेले. काल तुम्ही वहिनीला टेंपोत घालून चौक गावातल्या दवाखान्यात नेलंत. मी दाराआडून पाहिलं. केवढीशी झालीय रे ती. ऋतिका रडत घरात आली नि माझ्यावर ओरडली, "पासवर्ड मीच दिला त्यांना. मोठी आजी लेकीला बघितल्याबिगर घास घेत नाय. वनिताआत्या मस्कतवरनं फोनात दिसायची, 'खा गं आई' म्हनायची, मग ती खायची. आता फोन लागतच नाय, तर आजीनं तोंडच मिटून घेतलं."

एक अंग गेल्यापासून वहिनी अशी जेवते, हे मला माहीत नव्हतं. एकदाही बघायला आलो नाही, तर माहीत कसं असणार? तुमच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही, हे मात्र मला पक्कं माहीत होतं. आमच्याही येत नव्हती, म्हणूनच तर वायर घेतली.

ट्रंका काढल्या. पिंप अंगणात ओतलं. वहिनीला घरी आणलंस की तिची खाट आमच्या ओटीवर टाक, तिथं चित्र सगळ्यात स्वच्छ येतं. वनिताला मी तोंड दाखवणार नाही, सातला मागच्या खोलीत जाऊन बसेन. तू नाही म्हणालास तरी भांडणार नाही.

'एकदा मागितलं असतंस तर दिलं असतं,' असं आधी लिहिलं होतं. ते खोडलंय. दिलं नसतं, दादा.

तुझा धाकटा,
कोंडाजी